रकान्यातला तारा

जहाजाचा कॅप्टन म्हणून सकाळी लॉगबुक, म्हणजे रोजची नोंदवही, चाळत होतो आणि एका रकान्यापाशी बोट थांबलं. आदल्या रात्रीची आठ ते बाराची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी. कंपास एररच्या, म्हणजे होकायंत्राच्या चुकीच्या, रकान्यात थर्ड मेटने, त्या वॉचच्या कनिष्ठ अधिकाऱ्याने, सुवाच्य अक्षरात नोंद केली होती: व्याध ताऱ्याचं अझिमथ (क्षितिजावरची दिशा), गायरो अर्धा अंश हाय, म्हणजे गायरो कंपास खऱ्यापेक्षा अर्धा अंश जास्त दाखवतोय. वेळ, बेअरिंग म्हणजे कंपासवर वाचलेली दिशा, गणिताने काढलेली खरी दिशा, सगळं जागच्या जागी. पण त्या रात्री व्याध दिसण्याची शक्यताच नव्हती. त्याच वॉचमध्ये मी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, जाऊन आलो होतो. दक्षिण हिंदी महासागर, केप ऑफ गुड होपला वळसा घालायला निघालेलं जहाज, नैऋत्येकडून येणारा लाटांचा लांब, जड स्वेल आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गच्च झाकलेलं आभाळ. ब्रिजच्या उघड्या विंगवर उभं राहिलं की पुढच्या मास्टच्या दिव्याभोवती भुरभुर पावसाचं वलय तेवढं दिसायचं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, याचाही पत्ता लागत नव्हता.

त्याला बोलावलं आणि एवढंच विचारलं, "व्याध कधी दिसला तुला?" तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "दिसला नाही, सर." आणि थोडं थांबून, "पण एरर गेले कित्येक दिवस तेवढाच येतोय." आवाजात उर्मटपणा नव्हता, सारवासारवही नव्हती. मुलगा हुशार आहे, मेहनती आहे, ड्रिलला सगळ्यांच्या आधी हजर असतो, रडारवर त्याचा हात माझ्यापेक्षा चपळ चालतो. पुढच्या पहाटे पूर्वेला ढगांची कड जराशी उचलली गेली. मी त्याला वर बोलावून घेतलं. सूर्याची खालची कड क्षितिजापासून साधारण अर्ध्या व्यासाएवढी वर आली, तेव्हा त्याने गायरोच्या रिपीटरवर बेअरिंग घेतलं, टेबलं उघडली, आकडा काढला. मी माझा वेगळा काढला. दोघांचं उत्तर एकच आलं: गायरो अर्धा अंश हाय. तो काही बोलला नाही. मीही नाही.

त्याने लिहिलं होतं ते बरोबर होतं. ते त्याने पाहिलेलं मात्र नव्हतं.

अर्ध्या अंशाने तसं काही बिघडत नाही. साठ मैल गेल्यावर अर्धा मैल बाजूला. भर समुद्रात कुणाच्या लक्षातही येणार नाही. रागावण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं, कारण सूर्याने त्याच्याच बाजूने साक्ष दिली होती. तरीही ती नोंद मला सलत राहिली. खोटेपणाची चीड म्हणावी तर तसंही नव्हतं. समुद्रावर आपण शिकतो काय, शिकवतो काय, याच्या मुळाशीच काहीतरी हललंय असं वाटत होतं, आणि ते नेमकं काय, हे मला त्या सकाळी शब्दांत सांगता आलं नसतं.

शिकाऊ कॅडेट असताना चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, काम करायला मिळणं हे मोठं बक्षीस वाटायचं. रात्रीची चार्टरूम, टेबलावर लाल दिव्याचा मंद उजेड, दमट कागदाचा वास, रबराच्या कणांनी भरलेला कोपरा, आणि जहाज डोललं की घरंगळणारी पेन्सिल एका बोटाने अडवून ठेवायची सवय. तिथे पहिल्यांदा शिकवलेली गोष्ट मला आजही सगळ्यात मोलाची वाटते. आपली जागा दाखवायची खूण एक नसते, तीन असतात. शेवटच्या पक्क्या जागेपासून नुसता कोर्स आणि वेग धरून पुढे मोजत आलास, तर कोर्सच्या रेषेवर एक आडवी छोटी रेघ मार. ते डेड रेकनिंग. त्यात प्रवाह किती आणि वाऱ्याने जहाज किती सरकलं असेल याचा हिशेब घातलास, तर बिंदूभोवती त्रिकोण काढ. ती अंदाजित जागा. आणि किनाऱ्यावरचं दीपगृह, डोंगराचं टोक किंवा आकाशातले तारे यांच्याकडे स्वतः बघून, रेषा एकमेकींना छेदून जागा काढलीस, तरच बिंदूभोवती वर्तुळ काढायचं. ते फिक्स. पुढच्या वॉचचा माणूस झोपेतून उठून आला, तरी चार्टवर नजर टाकताच त्याला दोन गोष्टी कळायच्या: जहाज कुठे आहे, आणि ते आपल्याला कितपत ठाऊक आहे. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची मानली जायची. नॅव्हिगेशन म्हणजे आपली जागा शोधणं असं लोक समजतात. माझ्या मते त्यातला अवघड भाग हा दुसरा आहे.

फिक्स घेतानाही समुद्र सरळ उत्तर देत नाही. तीन खुणांची बेअरिंग घेऊन चार्टवर रेषा ओढल्या की त्या एका बिंदूत भेटायला हव्यात. त्या भेटत नाहीत. कुठे कंपासची चूक, कुठे दोन बेअरिंगमध्ये गेलेली काही सेकंदं, कुठे जहाजाचा झोल. मध्ये एक छोटा त्रिकोण उरतोच. त्याला कॉक्ड हॅट म्हणतात. शिकणाऱ्या प्रत्येक हाताला मोह होतो की एक रेषा केसभर सरकवावी आणि तिन्ही एकत्र आणाव्यात. चार्ट देखणा दिसतो, तपासणारा खूश होतो. पण त्या त्रिकोणात खरी माहिती असते. लहान असला तर काम ठीक चाललंय, मोठा असला तर काहीतरी चुकतंय, आणि दर खेपेला एकाच तऱ्हेने मोठा येत असला तर कंपासकडे बघ. आणखी एक गोष्ट अनेक वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसांनाही चकित करते. प्रत्येक रेषा डावीकडे किंवा उजवीकडे चुकण्याची शक्यता सारखीच धरली, तर जहाज त्या त्रिकोणाच्या आत असण्याची शक्यता फक्त चारात एक असते. म्हणजे बहुतेक वेळा आपण आपल्याच त्रिकोणाच्या बाहेर असतो. म्हणून जुनी शिकवण सांगते की त्रिकोणाचा मध्य धरू नकोस. खडकाच्या, उथळ पाण्याच्या सगळ्यात जवळचा जो कोपरा, तिथे आपण आहोत असं समजून पुढचा कोर्स आख. आपल्याला ठाऊक नाही हे मान्य केल्यावर कसं वागायचं, याचे नियम होते. नुसतं घाबरून बसायचं नव्हतं.

थॉमस समनर नावाच्या अमेरिकन कॅप्टनची गोष्ट मी कॅडेटना नेहमी सांगतो. १७ डिसेंबर १८३७. चार्ल्स्टनहून स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉककडे जाणारं जहाज आयर्लंडच्या दक्षिणेला किनाऱ्याजवळ येत होतं. बरेच दिवस आभाळ बंद, एकही निरीक्षण नाही, किनारा वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जहाजाला किनाऱ्याकडेच ढकलणारा. सकाळी दहाच्या सुमारास ढगांना फट पडली आणि सूर्याची एकच उंची मिळाली. एका उंचीवरून रेखांश काढायचा तर अक्षांश ठाऊक हवा, आणि तोच संशयाचा होता. समनरने अंदाजाचा अक्षांश धरून उत्तर काढलं. मग दहा मिनिटं, म्हणजे अंशाचा सहावा भाग, उत्तरेचा धरून पुन्हा काढलं, आणि वीस मिनिटं उत्तरेचा धरून तिसऱ्यांदा. तिन्ही बिंदू चार्टवर मांडले तर ते एका सरळ रेषेत आले, आणि ती रेषा पुढे वाढवली की वेल्सजवळच्या स्मॉल्स दीपगृहावरून जात होती. आपण या रेषेवर नेमके कुठे आहोत हे त्याला सांगता येत नव्हतं. पण याच रेषेवर कुठेतरी आहोत, एवढं नक्की होतं. त्याने जहाज त्याच रेषेवरून नेलं आणि तासाभराच्या आत स्मॉल्सचा दिवा समोर आला. १८४३ मध्ये त्याने ही पद्धत छापली आणि आजची पोझिशन लाइन तिथून आली. समनरकडे त्या सकाळी अर्धीच माहिती होती. ती पूर्ण असल्याचा आव त्याने आणला असता, तीन उत्तरांपैकी बरं वाटणारं एक निवडलं असतं, तर ती रेषा त्याला कधीच दिसली नसती.

आता ब्रिजवर ईसीडीआयएस, म्हणजे पडद्यावरचा इलेक्ट्रॉनिक चार्ट, आहे. पडद्यावर आपलं जहाज म्हणजे दोन वर्तुळांची एक रेखीव खूण, क्षणाक्षणाला पुढे सरकणारी. मला जुने दिवस परत नकोत. सलग ढगाळ दिवसांनंतर किनाऱ्याजवळ येताना पोटात पडणारा तो खड्डा मला आठवतो. साउंडिंगचे, म्हणजे मोजलेल्या खोलीचे, आकडे चार्टवरच्या खोलीशी जुळवत, दीपगृहाच्या दिव्याची क्षितिजावर नुसती प्रभा तरी दिसावी म्हणून दुर्बीण लावून बसलेले कॅप्टन मी पाहिलेत. अशा रात्री संपवणाऱ्या यंत्राला मी वाईट म्हणणार नाही. जीपीएसने किती जहाजं आणि किती माणसं वाचवली असतील, त्याची कुठे नोंद नाही, कारण न घडलेल्या अपघाताची नोंद होत नाही. तरी त्या रेखीव खुणेकडे बघताना मला तीन खुणांची पद्धत आठवते. आडवी रेघ, त्रिकोण, वर्तुळ. यातला फरक पडद्यावर असतो, पण कुठल्या तरी कोपऱ्यात, बारीक अक्षरांत.

ती बारीक अक्षरं १९९५ च्या जूनमध्ये रॉयल मॅजेस्टी या प्रवासी जहाजावरही होती. बर्म्युडाहून बॉस्टनकडे निघाल्यावर थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची केबल निसटली. यंत्राने क्षणभर बारीक आवाज केला आणि ते गुपचूप डेड रेकनिंगवर गेलं. पडद्यावर 'डीआर' अशी अक्षरं आली, आकड्यांच्या मानाने अगदी लहान. ऑटोपायलटला त्यातलं काही कळलं नाही. वारा आणि प्रवाह जहाजाला बाजूला नेत राहिले आणि ऑफिसर मंडळी दर तासाला नियमाने जीपीएसचे आकडे चार्टवर मांडत राहिली. बिंदू आखलेल्या मार्गावर नेमके पडत होते. ब्रिजवर लोरान-सी हे रेडिओ लहरींवरून जागा सांगणारं दुसरं यंत्र होतं, ते चालू होतं, त्याच्याशी एकदा ताडून पाहिलं असतं तर फरक उघडा पडला असता. संध्याकाळी चीफ ऑफिसरला ठरलेल्या वेळी ठरलेल्या दिशेला रडारवर एक बॉया, म्हणजे पाण्यावरची तरंगती खूण, दिसला. तो बॉस्टनच्या मार्गाचा पहिला बॉया आहे असं त्याने धरलं. मावळतीचा उजेड पाण्यावर चमकत होता, त्यामुळे डोळ्यांनी खात्री झाली नाही. प्रत्यक्षात तो एका बुडालेल्या जहाजाची जागा दाखवणारा दुसराच बॉया होता. पुढच्या वॉचमध्ये सेकंड ऑफिसरला दुसरा बॉया दिसायला हवा होता. तो दिसला नाही. कॅप्टनने विचारलं तेव्हा त्याने दिसला असं सांगितलं. जीपीएस मार्गावर दाखवत होता, मग बॉया असणारच, रडारने पकडला नसेल, असा त्याचा विचार. लुकआउटवरच्या माणसांना अनपेक्षित दिवे दिसले, मग समोर निळं-पांढरं पाणी दिसलं. त्यांनी तसं कळवलंही. १० जूनच्या रात्री नॅन्टकेट बेटाच्या पूर्वेला, आपल्या मार्गापासून १७ मैल दूर, जहाज वाळूत रुतलं. वर १,५०९ माणसं होती. कुणाला इजा झाली नाही. केबल निसटल्याला तेव्हा साधारण ३४ तास झाले होते.

मी जेव्हा जेव्हा या अपघाताचा अहवाल उघडतो, तेव्हा त्या न दिसलेल्या बॉयापाशी थांबतो. केबलचं दुखणं यंत्राचं होतं. पण बॉया दिसला असं सांगणाऱ्या माणसाला मी ओळखतो. तो आळशी नव्हता, बेफिकीर नव्हता. बाकी सगळं जुळत असताना एक गोष्ट जुळत नव्हती आणि त्याने ती जुळवून टाकली. त्याच्या जागी चार्टवर रेषा सरकवणारा कॅडेट ठेवा, नाहीतर माझा थर्ड मेट ठेवा. त्या दोघांचं नशीब एवढंच की खालचं पाणी खोल होतं.

इथे मला चार्ट बनवणाऱ्यांचा फार आदर वाटतो. आपल्याला काय ठाऊक नाही हे त्यांनी कधी लपवलं नाही. कागदी चार्टवर एखाद्या खडकाशेजारी दोन अक्षरं असायची: पीए म्हणजे जागा अंदाजे, पीडी म्हणजे जागा संशयास्पद, आणि ईडी म्हणजे खडक आहे की नाही हाच संशय. कुणीतरी कधीतरी फेसाळतं पाणी पाहिलं, कळवलं. पुढे कुणालाच ते पुन्हा सापडलं नाही, पण नाहीच असं म्हणण्याइतका पुरावाही नाही, म्हणून ते चार्टवर राहिलं, त्या दोन अक्षरांसह. कोरल समुद्रातलं सँडी आयलंड तसंच. १८७६ मध्ये व्हेलॉसिटी नावाच्या व्हेलशिकारी जहाजाने ते कळवलं, आणि २०१२ मध्ये एक ऑस्ट्रेलियन संशोधन जहाज त्या ठिकाणी पोचलं तर तिथे हजार मीटरहून खोल पाणी. इलेक्ट्रॉनिक चार्टवरही ही परंपरा टिकली आहे. प्रत्येक भागाला सर्वेक्षणाच्या दर्जाची श्रेणी दिलेली असते. ए-वन म्हणजे जागेत पाच मीटरच्या आतला फरक, बी म्हणजे पन्नास, सी म्हणजे पाचशे, आणि डी त्याहून वाईट. पडद्यावर हे चांदण्यांच्या खुणांनी दिसतं, बटण दाबून दाखवलं तर. बहुतेक ब्रिजवर ते बंद असतं, कारण चांदण्यांनी पडदा भरून जातो. मग आपण पाचशे मीटर इकडेतिकडे असू शकणाऱ्या खडकाच्या बाजूने पाच मीटरच्या अचूकतेने जात राहतो, आणि पडद्यावर दोन्ही सारखेच ठसठशीत दिसतात.

त्या मुलाला रकाना भरायला कुणी शिकवलं, याचा विचार करताना मला जहाजावरचे कागद आठवले. प्रत्येक कामाला चेकलिस्ट, प्रत्येक चेकलिस्टला चौकटी. रिकाम्या चौकटीवर इन्स्पेक्टर बोट ठेवतो, भरलेल्या चौकटीवर कधीच नाही. विश्रांतीच्या तासांचा तक्ता घ्या. कुठल्याही २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत ७७ तास विश्रांती, हा नियम चांगला आहे, माणसांच्या जिवासाठी केलेला आहे. पण लागोपाठ दोन बंदरं, रात्रभर चाललेला कार्गो, पहाटे बंदराचा पायलट, अशा आठवड्यात खरे तास भरले की संगणकावरचा तक्ता लाल होतो आणि किनाऱ्यावरून ई-मेल येतो. तास बदलले की हिरवा होतो आणि कुणी काही विचारत नाही. हे सगळ्या समुद्राला ठाऊक आहे. बंदरातून निघताना ज्याने असा हिरवा तक्ता पाहिला, त्याच मुलाला रात्री आठ वाजता आम्ही सांगतो की लॉगबुकात प्रत्यक्ष पाहिलेलंच लिही. त्याला या दोन कागदांमधला फरक कसा कळावा? तो स्वतःहून कळेल असं आम्ही गृहीत धरतो. आमच्या वेळी तो कळायचा, कारण चूक लिहिली तर रात्री दीपगृह भलत्या बाजूला दिसायचं आणि अंगावर काटा यायचा. आता यंत्र इतकं अचूक आहे की खोट्या नोंदीचीही शिक्षा होत नाही, वर्षानुवर्षं होत नाही.

टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या नियमांत सातवा नियम आहे: तोकड्या माहितीवर, विशेषतः रडारच्या तोकड्या माहितीवर, गृहीत धरून चालू नये. आणि धोका आहे की नाही अशी शंका असेल, तर तो आहे असंच समजावं. परीक्षेसाठी हे सगळे पाठ करतात. मला त्यातला दुसरा भाग विशेष वाटतो. शंका ही तिथे कमजोरी धरलेली नाही. तिला हुकमाचं वजन दिलेलं आहे.

म्हणून त्या दिवशी दुपारी मी स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे कॅप्टनच्या कायमच्या लेखी सूचनांमध्ये, एक ओळ घातली. आकाश बंद असेल तर कंपासच्या रकान्यात 'निरीक्षण शक्य नाही' असं लिहावं, त्याबद्दल कुणालाही जाब विचारला जाणार नाही. गायरो आणि मॅग्नेटिक कंपास एकमेकांशी ताडून पाहावेत आणि तो फरक लिहावा. तिन्ही ऑफिसरनी सह्या केल्या. थर्ड मेटने सही करताना विचारलं, "सर, पुढच्या बंदरात इन्स्पेक्टरने विचारलं तर?" मी म्हटलं, "माझ्याकडे पाठव." त्याला पटलं की नाही, मला कळलं नाही. एका ओळीने सवय मोडत नाही, हे मलाही कळतं.

पण मला घाई वाटते ती वेगळ्या कारणाने. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळ असलेल्या जहाजांचे जीपीएस एकाएकी ती जहाजं गेलेंजिकच्या विमानतळावर असल्याचं दाखवू लागले. तेव्हा ती बातमी होती. आता जीपीएस असं फसवणारे समुद्र वाढत चाललेत. विमानतळ निदान ओरडून सांगतो की काहीतरी चुकलंय. भीती वाटते ती दोन मैलांच्या फरकाची, जो मार्गाला धरून हळूहळू सरकतो आणि पडद्यावर तसाच रेखीव दिसतो. त्या वेळी ब्रिजवरच्या माणसाला रडारवरून एखाद्या भूशिराचं अंतर घ्यावं लागेल, खोली चार्टशी ताडावी लागेल, संधिप्रकाशात क्षितिज आणि तारे दोन्ही दिसतात तेवढ्या थोड्या मिनिटांत ताऱ्यांची उंची मोजणारा सेक्स्टंट हातात धरून व्याध, अगस्त्य, चित्रा गाठावे लागतील. हे सगळं शिकवता येतं. अमेरिकन नौदलाच्या अकादमीने बंद केलेलं ताऱ्यांचं नॅव्हिगेशन २०१५ मध्ये पुन्हा सुरू केलं. पण त्या सगळ्याच्या आधी त्या माणसाला कॅप्टनला फोन करून म्हणता आलं पाहिजे, की सर, बॉया दिसायला हवा होता आणि दिसत नाही.

म्हणून हल्ली नवा ऑफिसर जहाजावर आला की किनारा दिसत असतानाच त्याला विंगवर घेऊन जातो. तीन खुणा त्याने निवडायच्या, बेअरिंग त्याने घ्यायची, प्लॉटिंग शीटवर रेषा त्याने ओढायच्या. खोडरबर मी आधीच उचलून ठेवलेला असतो. त्रिकोण येतो, बहुतेकांचा बराच मोठा येतो, आणि ते ओशाळून माझ्याकडे बघतात. मी त्रिकोणाबद्दल काही बोलत नाही. यातला कुठला कोपरा धरून पुढचा कोर्स देशील, एवढं विचारतो, आणि तिथून आमचं काम सुरू होतं.